तिसरं कडवं

श्रावण शुद्ध २, शके १८५९. निपाणी.

आजपासून ही वही. चातुर्मासासाठी आमच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, एक ब्रह्मचारी मुक्कामाला आले आहेत. काल प्रवचन संपल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की रोज सूर्य मावळण्याआधी त्या दिवसाचे आपले दोष लिहून काढत जा. भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावणी येते. त्या दिवशी आपण घरोघर हात जोडून क्षमा मागत फिरतो, पण कशाची मागतो ते मागणाऱ्यालाच ठाऊक नसतं. यंदा ठाऊक असू द्या, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटलं. मी तंबाखूची पारख करणारा माणूस. पान हातात घेतल्याशिवाय, चुरगळून वास घेतल्याशिवाय प्रत सांगत नाही. तीस वर्षं वखारीत हेच केलं. तंबाखू स्वतः कधी खाल्ली नाही की ओढली नाही. पावसाळ्यात हवा दमट असते, बोद, म्हणजे तंबाखूचे बांधलेले गठ्ठे, उघडले तर माल बुरसतो, म्हणून आषाढापासून नवरात्रापर्यंत मी घरीच असतो. तेव्हा वेळ पुष्कळ आहे.

आजचे दोष: बराच विचार केला. आठवत नाहीत.

श्रावण शुद्ध ५

समोरच्या गाळ्यात मारुतीरावाने चहाचं हॉटेल काढलं आहे. माणूस भला आहे, मला आण्णा म्हणतो. आज त्याने कोल्हापूरहून कुणाचा तरी वापरलेला फोनो आणला. पितळी कर्णा एवढा मोठा, की तो दारातून आत नेताना चार माणसं लागली आणि आठ माणसं सल्ला द्यायला होती. फोनोबरोबर तीन तबकड्या मिळाल्या. एक बँडची, एक कसल्याशा विनोदी संवादाची, ती तडकलेली आहे, आणि एक नाटकातल्या पदाची. संध्याकाळपर्यंत पदाची तबकडी अकरा वेळा वाजली.

दोष: नागपंचमीचं जेवून दुपारी जास्त झोपलो. झोप फोनोने मोडली, म्हणजे फार जास्त नसेल.

श्रावण शुद्ध ९

पद असं आहे: 'उंबऱ्याशी थांबले पाऊल कुणाचे'. नाटकात स्त्रीपार्ट करणारा कुणी पुरुष गातो आहे. आवाज चांगला आहे, हे कबूल करतो. पण चांगलं पान झालं तरी दिवसातून चाळीस वेळा कोण हुंगेल? मारुतीरावाकडे बँड ऐकायला कुणी तयार नाही, संवाद तडकलेला आहे, त्यामुळे सगळा भार या एका पदावर.

हिला त्रास होतो आहे. ही म्हणजे आमची सौभाग्यवती. ती बोलून दाखवत नाही, तिचा स्वभावच अबोल. तिला गाण्याबजावण्याची आवड अशी नाहीच. सव्वीस वर्षांच्या संसारात तिला कधी गुणगुणतानासुद्धा ऐकलं नाही. पण मी पारखी माणूस आहे. पद सुरू झालं की तिच्या हातातलं सूप थांबतं आणि चेहरा कसनुसा होतो. पूर्वी ती मागच्या पडवीत निवडत बसायची. आता पुढच्या सोप्यात खिडकीशी बसते, उजेड बरा म्हणून. त्यामुळे बिचारीला आणखीच जोरात ऐकू येत असणार.

दोष: मारुतीरावाबद्दल मनात वाईट शब्द आला. एकच.

श्रावण पौर्णिमा

दूध उतू गेलं. पद चालू होतं. मी काही बोललो नाही.

दोष: नाही.

श्रावण वद्य ४

आज लक्षात आलं, की हे पद मी मूळ नाटकात ऐकलेलं आहे. लग्न ठरलं होतं, तेव्हाची गोष्ट. चिकोडीला एक नाटक कंपनी उतरली होती. वखारीतले आम्ही चौघं बैलगाडीने गेलो, कनातीत पुढच्याच रांगेत बसलो. हे पद इतकं गाजलं, की लोकांनी ते तीनदा म्हणायला लावलं. पुढं महिनाभर चिकोडी, निपाणी, सदलगा, जिथं जाल तिथं तेच. विहिरीवर तेच, बाजारात तेच, लग्नाच्या वाजंत्र्यांना तेच. खरं सांगायचं तर तीनदा झालं ते मी ऐकलं नाही. पहिल्यांदा चालू असतानाच मला झोप लागली. दिवसभर उन्हात बोद मोजले होते.

त्या वेळी मी चोवीस-पंचवीस वर्षांचा. एका प्रसिद्ध पदाच्या वेळी आपण झोपलो होतो, याची तेव्हा थोडी चुटपूट लागली होती. आता ते रोज चाळीस वेळा ऐकून भरून निघतं आहे.

दोष: पूर्वी झोपलो, तो दोष धरावा का? ब्रह्मचारींना विचारलं पाहिजे.

श्रावण वद्य ५

विचारलं. ते हसले.

श्रावण वद्य १०

सकाळी ती खिडकीशी होती. मी आतून पाहिलं. पद संपलं तेव्हा तिने पदराने डोळे पुसले. मी विचारलं, तर म्हणाली, चुलीचा धूर. चूल मागच्या अंगाला आहे. त्रास लपवण्याची ही तिची जुनी खोड. कालच तिने शेजारच्या बाईजवळ मारुतीरावाला निरोप धाडला म्हणे, की पिन झिजली आहे, बदला. म्हणजे ती खरखर तिला किती असह्य होत असेल.

आता काहीतरी केलं पाहिजे. दुसऱ्याचा त्रास पाहून गप्प बसणं हाही दोषच आहे. तेवढा आज लिहितो.

भाद्रपद शुद्ध ३

काम झालं.

परवापासून पर्व लागतं. दहा दिवस व्रतं, उपवास, बस्तीत दोन वेळा पूजा. सकाळी मारुतीरावाच्या हॉटेलाच्या पायरीपर्यंत गेलो. आत गेलो नाही, आमच्याकडे बाहेरचं चालत नाही. पायरीवरूनच त्याला शांतपणे सांगितलं, की पर्वात हे नाटकाचं पद बरं दिसत नाही आणि त्यातून आमच्या घरात तर फार त्रास होतो आहे. तो गडबडला. म्हणाला, "वैनींस्नी तरास? त्यांनीच तर पिन बदलाय सांगितल्यालं." मी म्हटलं, खरखर सोसेना म्हणूनच. त्यावर त्याने मान खाजवली. मग त्याने तबकडीच काढून माझ्या हातात दिली.

"आण्णा, तुमी म्हणताय तर न्हाय लावत. पन ही हितं ऱ्हायली तर गिऱ्हाइकं सोडायची न्हाईत. क्षमावणी होईपतोर तुमच्याकडंच ठेवा."

मी ती घरी आणली. वस्तू दुसऱ्याची आहे, तेव्हा नीट ठेवणं आलं. पावसाळी हवेत पान मुडपतं, म्हणून आम्ही जुड्यांवर फळी टाकतो आणि फळीवर वजन. तसंच केलं. खालच्या कोठीत दोन पोत्यांच्या मध्ये तबकडी घातली, वर फळी, फळीवर जुन्या जात्याची तळी. आता कितीही दमट झालं तरी वाकणार नाही.

हिला सांगितलं, की तुझा त्रास संपवला. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली, मग पुन्हा थापू लागली. म्हणाली, "बरं केलासा."

दोष: केलेल्या कामाचा थोडा अभिमान वाटला.

भाद्रपद शुद्ध ५

पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमा. हिने ठरवलं होतं, की पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एकभुक्त राहायचं. आज दुपारी कोठीतून दाणे घेऊन वर आली आणि म्हणाली, दहाही दिवस एकभुक्त राहणार, आणि मौन. नुसतं कामापुरतं बोलणार. मी म्हटलं, उत्तम. फोनो बंद झाल्याचा हा लगेच परिणाम. घरात शांतता असली की माणसाचं मन व्रताकडे वळतं.

दोष: नाही.

भाद्रपद शुद्ध ६

मार्दव, म्हणजे अहंकाराचा त्याग. ब्रह्मचारी फार सुंदर बोलले. ऐकताना वखारीतल्या दोघा-तिघांची आठवण झाली. त्यांनी यायला हवं होतं.

भाद्रपद शुद्ध ८

समोर शांत आहे. मारुतीराव बँडची तबकडी लावून पाहतो, पण गिऱ्हाइकं ती बंद करायला लावतात. माझी मात्र पंचाईत झाली आहे. बस्तीत जाताना पाय त्या पदाच्या तालावर पडतात. पूजेत अर्घ्य वाहताना मधेच 'उंबऱ्याशी थांबले' येतं. तिन्ही कडवी अथपासून इतिपर्यंत पाठ झाली आहेत. ज्याला गाणं कळत नाही त्याला गाणं पाठ व्हावं, हा कुठल्या जन्मीचा दोष, कळत नाही.

ही बोलत नाही. काम सगळं वेळेवर. फक्त ताट वाढताना माझ्याकडे पाहत नाही. व्रतच आहे.

भाद्रपद शुद्ध ११

सदलग्याहून जिनपाल आला. हिचा धाकटा भाऊ. बहीण दहा दिवस एकभुक्त आहे म्हटल्यावर पारण्यासाठी गूळ, तूप, नाचणी घेऊन आला. ती बस्तीत गेली होती, म्हणून आम्ही दोघं सोप्यात बोलत बसलो. समोरच्या कर्ण्याकडे त्याचं लक्ष गेलं. मी त्याला पदाची सगळी कथा सांगितली आणि गप्पांत ओळही म्हणून दाखवली.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "दाजी, ह्ये तर गुणाक्काचं गाणं."

गुणाक्का म्हणजे ही. मग त्याने जे सांगितलं ते असं. चिकोडीला नाटक होतं त्याच दिवशी हीसुद्धा तिथं होती. बायकांना कनातीत मज्जाव, म्हणून तिच्या मावशीने बैलगाडी कनातीला लावून उभी केली होती आणि बायका-पोरं गाडीत बसून नुसतं ऐकत होती. जिनपाल मावशीच्या मांडीवर होता. ही तेव्हा सोळा वर्षांची. पद तीनदा झालं, तीनदा तिने ऐकलं आणि घरी जाताना गाडीत संपूर्ण म्हटलं, एक शब्द न चुकता. पुढं सदलग्यात कुणाकडे पाळणा असो की हळद असो, गुणाक्काला बोलावणं यायचं. तिचे वडील स्वतः तिला म्हणायला लावायचे.

"अजून म्हणती का वो?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तेही खरं, एकदा त्याने तिला इथून घरी नेताना वाटेत म्हण म्हणून आग्रह केला होता, तर ती म्हणाली होती, त्यांना आवडत नाही.

मी कधी असं म्हणालो, ते मला आठवेना. तसं जिनपालला सांगितलं. तो उगीच इकडचं तिकडचं बोलू लागला.

दोष: आज लिहीत नाही. उद्या.

भाद्रपद शुद्ध १२

आठवलं.

जैन घरात उजाडल्याशिवाय जातं फिरवत नाहीत, अंधारात जीव चिरडतात म्हणून. ती नांदायला आली त्याला महिनाही झाला नव्हता. सकाळची उन्हं अंगणात आली होती. ती दळत होती आणि दळताना गात होती. काय गात होती त्याकडे माझं लक्ष नव्हतं. वखारीतला एक कारकून मला बोलवायला आला होता. तो दारात उभा राहून ऐकत होता आणि हसत होता. चांगलं हसत होता की वाईट, ते आज सांगता येत नाही. मला लाज वाटली. मी आत जाऊन म्हणालो, "जात्यावर ओव्या म्हणतात. नाटकातली पदं बाजारात म्हणतात." एवढंच. रागावलो नव्हतो. आवाजही चढवला नव्हता. लगेच कारकुनाबरोबर गेलो, वाटेत कशावर तरी बोललो, आणि विसरलो.

एक वाक्य. मी आयुष्यात कुणावर हात टाकला नाही, मापात खोट केली नाही, कुणाचा हलका माल चांगला म्हणून दाखवला नाही. आणि हिच्याजवळ एक चांगली वस्तू होती ती मी न बघताच खालच्या प्रतीची ठरवली. पान हातातसुद्धा घेतलं नाही.

मला फार वाईट वाटलं. याहून दुसरा शब्द सुचत नाही.

भाद्रपद शुद्ध १३

दुपारी ठरवलं, की आजच तबकडी मारुतीरावाला परत द्यावी आणि लाव म्हणावं. पर्व असलं तरी हरकत नाही, मी ब्रह्मचारींना सांगेन. कोठीत गेलो. तळी उतरवली, फळी काढली, पोतं उचललं. तबकडीचे तीन तुकडे झाले होते.

तंबाखूचं पान वजनाखाली सपाट राहतं. तबकडी पान नव्हे, हे मला कळायला हवं होतं. तीस वर्षं एकच माल हाताळला की जगातला सगळा माल तसाच वाटू लागतो.

तुकडे फडक्यात बांधून ठेवले. तिला सांगितलं नाही. सांगवेना.

भाद्रपद शुद्ध १४

मारुतीरावाकडे गेलो. आज त्याच्या हॉटेलात आत गेलो, बाकावर बसलो. लोक बघत होते. फडकं सोडून दाखवलं. त्याने तुकडे एकमेकांना लावून पाहिले. रागावला नाही. म्हणाला, कोल्हापुरात विचारलंच होतं, अशी तबकडी आता कुठं निघत नाही, ही कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली मिळाली होती. बेळगावला एक ओळखीचा दुकानदार आहे, त्याला लिहून बघू, पण भरवसा नाही.

त्याने मला पाणी गाळून दिलं. मी प्यालो.

दोष: पहिला, तबकडी मोडली. दुसरा, तिला अजून सांगितलं नाही. तिसरा जुना आहे, सव्वीस वर्षांपूर्वीचा. तोच मोठा.

भाद्रपद वद्य १. क्षमावणी.

सविस्तर लिहितो.

उजाडल्यावर ती जात्याशी बसली. मौन आज सुटलं, तरी ती गप्पच होती. दरवर्षीप्रमाणे मी समोर गेलो, हात जोडले, क्षमा म्हटलं. तिनेही पिठाचे हात जोडले, क्षमा म्हटलं, आणि खुंटा धरला. दरवर्षी हे इथं संपतं आणि मी शेजाऱ्यांकडे जायला निघतो. आज तिथंच उभा राहिलो. ती म्हणाली, "काय पायजे?"

मी तिच्यासमोर खाली बसलो. जात्याच्या या बाजूला मी यापूर्वी कधी बसलेलो नाही. "गुणा," म्हटलं. आजवर माझं 'अगं'वर भागत होतं. तिने वर पाहिलं. मी सांगितलं, की तू नांदायला आलीस त्या वर्षी जात्यावर पद म्हणू नको असं मी म्हणालो होतो, त्याची क्षमा मागतो. दुसरं, ती तबकडी माझ्या हातून मोडली, तिचीही.

तिने खुंटा सोडला. पीठ सारखं केलं.

"तबकडीचं म्हायती हाय मला," ती म्हणाली. "पंचमीलाच बघितलं. दाणं काढाय गेलते."

म्हणजे मौन त्याच दिवसापासूनचं. मी व्रत समजलो होतो.

"माझीबी क्षमा," ती म्हणाली. "दहा दिस लई राग धरला मनात. वरनं पूजा चालली हुती, आतनं राग."

मग मी म्हटलं, की माझ्यामुळे तुझं गाणं सुटलं. त्यावर ती अशी काही पाहू लागली, की मी भलतंच बोललो असावं.

"सुटलं कुठं? तुमी वखारीत गेलासा की म्हणायची. रोज. ब्राह्मीला त्याच गाण्यावर झोपवली मी. तिला सगळं येतंय. पावसाळ्यात तुमी घरात असतासा, तवा चार म्हैनं बंद."

ब्राह्मी आमची मुलगी, चिकोडीला दिली आहे. तिला येतं. शेजारच्या बाईला येत असणार. या घराच्या भिंतींना येतं. मला एकट्याला ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं मी सकाळी दार ओढून घेऊन निघायचो आणि माझ्या पाठीमागे घरात गाणं सुरू व्हायचं. मी तिचं काही हिरावलं असं चार दिवस समजत होतो. हिरावलं ते माझंच. हे तिथं बसल्या बसल्या कळलं.

मी विचारलं, मग त्या तबकडीसाठी डोळ्यांत पाणी का? ती म्हणाली, तिसरं कडवं ती विसरून गेली होती. ब्राह्मीच्या पाठचा मुलगा गेला त्या वर्षी गाणं राहिलं ते राहिलं, पुन्हा धरलं तेव्हा तिसरं कडवं आठवेना. दोन कडव्यांवरच इतकी वर्षं चालवलं. मारुतीरावाच्या फोनोवर ते पुन्हा ऐकू आलं, पण समोर गिऱ्हाइकांची बडबड, पिन झिजलेली, शब्द नीट लागेनात. रोज एखादा शब्द हाती यायचा. निम्मं झालं होतं. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या.

मी म्हटलं, त्या मला येतात.

तिला खरं वाटेना. मी वखारीत लिलावाच्या वेळी प्रत पुकारतो तसं एका सुरात सांगितलं:

"हाक न आली, कडी न वाजली,
ओळखिले मी मौन तयाचे."

"पुन्ना सांगा," ती म्हणाली. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मला वाटलं थोडी चाल लावावी, म्हणून लावली. ती हसली. पर्वाच्या आधीपासून ती हसली नव्हती. म्हणाली, "चाल ऱ्हाऊ द्या. शबुद तेवढं सांगा."

शब्द नीट बसल्यावर मी म्हटलं, आता म्हणून दाखव. तिने मान हलवली.

"तुमच्यासमोर न्हाय जमायचं. सवंच न्हाय."

मी आग्रह केला नाही. तिने जात्यात दाण्यांची मूठ टाकली आणि विचारलं, "वखारीत कवा जाणार?"

मी म्हटलं, नवरात्राशिवाय वखार उघडत नाही, ठाऊक आहे ना.

"जावा की उद्या जरा," ती म्हणाली.

भाद्रपद वद्य २

सकाळी उन्हं आली तशी टोपी घातली, छत्री घेतली आणि वखारीत जाऊन येतो म्हणून सांगितलं. तिने बरं म्हटलं. बाहेर पडून दार ओढून घेतलं. पाऊस नव्हता, म्हणून वहाणा घालण्याआधी छत्री उंबऱ्याला टेकवून ठेवली. आत जातं फिरू लागलं. मी जायला हवं होतं. गेलो नाही.

पहिलं कडवं झालं. आवाज आता थोडा जड आहे, पण सूर सरळ आहे. मला सुरातलं कळत नाही, तरी एवढं कळलं. दुसरं झालं. समोर मारुतीराव दारात आला, मला पाहिलं, आणि आत गेला. मी भिंतीला लागून, श्वास आवरून उभा होतो. माझी छत्री घसरून, नुसत्या ओढलेल्या दाराच्या फटीतून अर्धी आत गेली होती. ती ओढली तर वाजेल, म्हणून तशीच राहू दिली.

तिसऱ्या कडव्याला जातं थांबलं. तिने ते जात्याशिवाय, सावकाश म्हटलं. शेवटची ओळ दोनदा म्हटली. नवी आहे, पाठ व्हावी म्हणून असेल.

मग मी छत्री तिथंच सोडून वखारीत गेलो. पहारेकऱ्याने विचारलं, काय काम काढलं. मी म्हटलं, काही नाही, बसतो. दुपारपर्यंत बसलो. उद्यापासून रोज सकाळी जाणार आहे, असं त्याला सांगून ठेवलं.

आजचा दोष: दाराआड उभं राहून चोरून ऐकलं. याची क्षमा मागायची तर तिला सांगावं लागेल, आणि सांगितलं तर ती गाणं थांबवेल. म्हणून हा दोष वहीतच राहील. उद्याही होणार आहे.